रविवारचं पाणी

९ ऑक्टोबर १९४३, शनिवार

लढाईमुळे वह्या मिळत नाहीत, म्हणून शाळेच्या जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या पाठींवर लिहायला बसलो आहे. रॉकेलही नाही. तेव्हा जे लिहायचं ते शाळा सुटल्यावर, उजेड असेपर्यंत.

आज मळ्याच्या चिठ्ठ्या टाकल्या. सरकारचं 'अधिक धान्य पिकवा' चाललंच आहे. त्यावरून मिशनच्या कचेरीनं कळवलं की शाळेमागची गवताची जमीन वाडीतल्या बारा घरांनी मिळून भाजीपाल्याला वापरावी. मार्चपर्यंत मळा हिरवा दिसला तर जमीन आमच्याकडे राहील, नाहीतर ती खंडानं दुसऱ्याला जाईल. अकरा घरं आम्हा ख्रिस्ती मंडळींची, बारावं नूरुद्दीनभाईंचं. कारण मोटेला जुंपायचे बैल वाडीत फक्त त्यांच्याकडे आहेत. चिटणीस अर्थात मी. लिहिता येणाऱ्याच्या गळ्यात ही घंटा पडतेच.

माझी चिठ्ठी बारावी निघाली. पाटाच्या अगदी टोकाचा वाफा, म्हणजे पाणी सगळ्यात शेवटी. झुंबरबाईंचा अकरावा. त्या विधवा आहेत आणि जिभेनं तिखट आहेत. म्हणाल्या, "मास्तर, आपल्या दोघांला देवानं पंगतीच्या शेवटाला बसवलंय."

दीनाला पाचवा महिना चालू आहे. नगरच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तिच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि सांगितलं, अंगात रक्त नाही, रोज हिरवी भाजी पोटात गेलीच पाहिजे आणि जड काही उचलायचं नाही. तिसगावच्या बाजारात मेथीची जुडी हल्ली हातात घेऊन परत ठेवावी लागते. म्हणून हा वाफा. बाकीच्यांना असेल भाजीची हौस, मला मूल हवं आहे. आधीची दोन गेली. हे तिसरं जगावं, एवढंच मागणं आहे.

१३ ऑक्टोबर, बुधवार

वाफे बांधले. शेतकी खात्याची बियांची पुडकी आली, त्यात मेथी, पालक, मुळा, वांगी आणि दुधी. नूरुद्दीनभाईंनी मोट धरली, मी टोकाला दारं धरायला, म्हणजे पाटाचं पाणी वाफ्यात वळवायला, उभा राहिलो. पाणी माझ्यापर्यंत पोचलं तेव्हा दुपार कलली होती. पाण्याच्या तोंडाशी अनवाणी उभं राहण्यात काय सुख आहे ते मास्तरकीत कळलं नव्हतं.

१६ ऑक्टोबर, शनिवार

अडचण निघाली. विहीर अर्धी मिशनची, अर्धी पलीकडच्या पुंजारामची. जमीन मिशननं घेतली तेव्हा आधीच्या मालकाचेच पाण्याचे वार राहिले, ते बुधवार आणि रविवार. इतकी वर्षं नुसतं गवत होतं, त्यामुळे कोणी पाहिलं नाही. आता आठवड्यातल्या दोन पाळ्यांपैकी एक नेमकी प्रभूच्या दिवशी.

सभा भरली. नूरुद्दीनभाई म्हणाले, "तुमी उपासनेला बसा, मी मोट हाकतो. मला रविवारची आडकाठी न्हाई. बैलांला तर न्हाईच न्हाई."

मी उभा राहिलो आणि विरोध केला. मळा मंडळीचा आहे, मोट कोणीही हाको, पाणी आमच्याच वाफ्यात पडणार. दुसऱ्याच्या हातानं मोडलेला दिवस मोडलेलाच. बराच बोललो. पाळक कृपादान यांनी मान डोलावली आणि ठराव झाला, की रविवारी मोट चालणार नाही. पिण्याचं पाणी दोरानं ओढायला हरकत नाही.

खरं कारण सभेत सांगितलं नाही, इथे लिहितो. दोन वर्षांपूर्वी दीना दिवसांत असताना एका रविवारी मी घरावर कौलं चढवत होतो. पावसाळा तोंडावर होता, गडी मिळत नव्हता. त्याच आठवड्यात दुसरं मूल गेलं. तेव्हा देवाला शब्द दिला, की पुढचं जगवलंस तर माझ्याकडून तुझा दिवस मोडला जाणार नाही. दीनाला हे ठाऊक आहे. आणखी कोणाला नाही.

१८ ऑक्टोबर, सोमवार

वार बदलून मागायला पुंजारामकडे गेलो. त्यानं मला बाजेवर बसवलं, गूळपाणी दिलं आणि हसत म्हणाला, "मास्तर, शनिवार देऊन रविवार घ्यायला मी खुळा हाय का? तुमी मोट हाकनार न्हाई म्हंजे रविवार मला असाच मिळतोय." त्याच्या म्हणण्यात खोट काढता आली नाही. गूळ चांगला होता.

३ नोव्हेंबर, बुधवार

मेथी उगवली. पालकही. सकाळी जाऊन बोटानं माती हलवून आलो. मला हसायला आलं, एकटाच हसत होतो.

१४ नोव्हेंबर, रविवार

थंडी पडायच्या ऐवजी ऊन तापतं आहे. आठ दिवसांतून एकदा पाणी म्हणजे या मुरमाड जमिनीला काहीच नाही. पहिले चार वाफे तग धरून आहेत, पुढचे पिवळे पडत चालले. सकाळची उपासना झाली की मी नेमाप्रमाणे दोन कोसांवरच्या वस्तीवर शास्त्रपाठाला जातो, तो उन्हं उतरताना परततो. आज परतलो तर दीना पडून होती. लुगड्याचा काठ ओला. म्हणाली, भांडी घासली.

२२ नोव्हेंबर, सोमवार

नवल घडलं आहे. माझा वाफा हिरवा आहे!

सातवा ते अकरावा करपले. झुंबरबाईंच्या मुळ्यांनी मान टाकली. आणि त्यांच्या पलीकडे, पाटाच्या शेवटाला, जिथे बुधवारीही पाणी जेमतेम ओल करतं, तिथे माझा पालक तळहाताएवढ्या पानांचा झाला आहे. दुधीचा वेल बांधावर चढला. पाळकसाहेबांना बोलावून दाखवलं. ते वाकून पानं चाचपत म्हणाले, "शांतवनराव, ही तुमच्या निश्चयाची पावती आहे." शब्द ऐकला गेला आहे. मूल जगणार.

घरी येऊन दीनाला सांगितलं. ती चुलीपाशी होती. म्हणाली, "बरं झालं. तुम्हाला बरं वाटलं ना?"

२४ नोव्हेंबर, बुधवार

पालकाचा पहिला तोडा देवाचा म्हणून पाळकांकडे पोचता केला. ते तो आजाऱ्यांना वाटतात.

विहिरीवरचा पोहऱ्याचा दोर पार झिजला आहे, पीळ सुटले आहेत. नूरुद्दीनभाईंना विचारलं की बैलांना दोरानं पाणी ओढून पाजता की काय. "न्हाई, मास्तर," एवढंच म्हणाले. माणूस सरळ आहे, पण अलीकडे माझ्याशी तुटक वागतो. ठरावाचा राग असावा.

६ डिसेंबर, सोमवार

झुंबरबाईंनी त्यांचा वाफा सोडला. वाळलेले मुळे उपटून शेळीपुढे टाकताना मला ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "मास्तरांच्या वाफ्यावर देवाचा हात हाय खरा. पर त्या हातात बांगड्या हायत."

असलं बोलणं मला आवडत नाही. रोख शरिफाबीवर, नूरुद्दीनभाईंच्या बायकोवर, असावा. म्हणजे ती आपलं पाणी माझ्याकडे वळवते की काय! मुद्दाम जाऊन पाहिलं. त्यांचाच वाफा भेगाळला आहे. तिथून माझ्याकडे काय येणार? मत्सराला औषध नाही.

दीनाच्या तळहातांना फोड आले आहेत. जात्याचा खुंटा गुळगुळीत करून दिला. दळण मी करतो म्हटलं तर हसली. "शाळेतली पोरं बघतील."

१७ डिसेंबर, शुक्रवार

मेथी काढली. अर्धी पाळकांकडे, अर्धी वस्तीवरच्या लोकांना साक्ष म्हणून नेण्यासाठी ठेवली. दीनासाठी एक जुडी बाजूला काढली होती, पण ती म्हणाली, मेथी हल्ली कडू लागते, न्या तुम्ही. पालकाचंही तेच झालं होतं. दिवसांत बायकांच्या जिभेचं असं होतं म्हणतात. नर्सबाईंचं बोलणं मला आठवतं, पण जबरदस्तीनं खाऊ घालणार कसं? दुधीचं पाहू, तो गोड असतो.

२६ डिसेंबर, रविवार

नाताळ साधाच झाला, साखर नाही. आज वस्तीवर जाऊ नका असं दीना म्हणाली नाही, पण दारापर्यंत आली आणि बराच वेळ उभी राहिली. पाय सुजले आहेत तिचे. मी म्हटलं, थांबू का? ती म्हणाली, "नको. तुम्ही गेलात की माझी कामं उरकतात."

३ जानेवारी १९४४, सोमवार

शनिवारी सुगीचा सण झाला. देवळासमोर लिंबाखाली सगळ्यांनी आपापलं आणून ठेवलं, बाजरीची कणसं, अंडी, एक कोंबडा. पहिले चार वाफेही एव्हाना गेले होते, मळ्यातलं म्हणावं असं फक्त माझं. चार दुधी, वांगी आणि पालकाच्या जुड्या. पाळकांनी मला साक्ष द्यायला उभं केलं. मी सांगितलं, की बारा वाफ्यांत शेवटचा वाफा, एकच पाळी, तरी हिरवा, कारण रविवार राखला. बायका डोळे पुसत होत्या. मग नेमाप्रमाणे अर्पणांचा लिलाव झाला, त्यात माझ्या दुधीवर बोली चढत गेली. बाहेरगावचे पाहुणे एकेक वांगं प्रसादासारखं घेऊन गेले.

शरिफाबी बांधापलीकडून बघत होती. मी सलाम केला तर तोंड फिरवून निघून गेली.

दीना सणाला आली होती, पण मध्येच उठून घरी गेली. कमरेत कळ आली म्हणे.

१२ जानेवारी, बुधवार

दीनाला ताप. आज पाणी द्यायला मीच गेलो. वाफ्याच्या कडेला चिखलात पावलं उमटलेली होती, लहान, एकापुढे एक, विहिरीकडून येणारी. पोरं शिरत असतील भाजीत. कुंपण घालायला हवं.

१९ जानेवारी, बुधवार

काल पहाटे मुलगा झाला. आठ महिन्यांचा. रडला नाही. झुंबरबाई होत्या म्हणून दीना वाचली. त्यांनीच त्याला धुतलं, फडक्यात गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं. डोक्यावर केस भरपूर होते. पाळकांनी प्रार्थना केली, नूरुद्दीनभाईंनी खड्डा खणला.

शाळेत आज हजेरी घेतली. पोरं उभी राहून 'हजर' म्हणत होती. मला पुढे वाचता येईना.

२३ जानेवारी, रविवार

वस्तीवर गेलो नाही. दिवसभर देवाला एकच विचारत होतो, मी कुठे चुकलो? एक रविवार तरी दाखव. कौलं फुटली होती ती फुटलेली ठेवली. शेण लावायचं राहिलं ते राहू दिलं. शेजाऱ्याची पेटी उचलायला हात लावला नाही. माझ्याकडून शब्द मोडला गेला नाही. मग?

२६ जानेवारी, बुधवार

वाफा वाळला. दहा दिवसांत. पालक काळा पडून जमिनीला चिकटला, दुधीचा वेल सुतळीसारखा झाला. बाकीच्या वाफ्यांसारखाच दिसतो आता. इतके दिवस का नाही वाळला आणि आताच का, हे माझ्या डोक्यात शिरेना.

नूरुद्दीनभाई मोट सोडून बैल पाजत होते. शरिफाबी भाकरी घेऊन आली होती. मी बांधावर बसलो होतो, तिथे ती आली. नूरुद्दीनभाई म्हणाले, "ऱ्हाऊ दे." ती थांबली नाही.

"मास्तर, त्या वाफ्याला पानी कोन घालीत हुतं ते तुमाला ठाव न्हाई?"

मी म्हटलं, नाही.

"तुमी वस्तीवर गेला की मास्तरीनबाई घागर घेऊन हिरीवर यायच्या. दर ऐतवारी. वीस घागरी, पंचवीस घागरी. येवढं पोट घेऊन. मी म्हनले, मी वढते, तुमी निस्त्या बसा. दोराला हात लावू दिला न्हाई. म्हनायच्या, त्यांनी देवाला सबुद दिलाय तो मोडायचा न्हाई, आन त्यांची भाजी बी वाळायची न्हाई. वाळली तर ते म्हनतील देवानं ऐकलं न्हाई, आन खंगत जातील."

नूरुद्दीनभाई खाली बघत होते. "आमीबी गप बसलो, मास्तर. तिनं शपथ घातली हुती."

झुंबरबाईंना ठाऊक होतं. वाडीतल्या चार-सहा बायकांना तरी ठाऊक असेल. मला एकट्यालाच नव्हतं. दोर, फोड, काठ, पावलं, सगळं माझ्याच हातानं या पाठींवर लिहिलेलं आहे. आज मागची पानं वाचली आणि स्वतःच्या अक्षराची किळस आली.

२८ जानेवारी, शुक्रवार

दोन दिवस धीर झाला नाही. आज दीनाला विचारलं. ती भिंतीकडे तोंड करून निजली होती.

"कुणी सांगितलं?"

मी नाव सांगितलं नाही. म्हटलं, का केलंस? नर्सबाईंनी काय सांगितलं होतं?

म्हणाली, "शब्द तुम्ही दिला होता. मी नव्हता दिला."

मग म्हणाली, "मला वाटलं एवढं होईल माझ्यानं."

मी विचारलं, मेथी खरंच कडू लागत होती का? तिनं पांघरूण डोक्यावर ओढलं. मी तिच्या पायांशी बसून राहिलो. मला रडू आलं, मोठ्यानं रडलो. ती रडली नाही.

४ फेब्रुवारी, शुक्रवार

उद्या सभा आहे. कचेरीचं पत्र आलं, की मार्चअखेर साहेब पाहणीला येणार. झुंबरबाई आणि नूरुद्दीनभाईंनी मागणी केली आहे की आतापासून रविवारी मोट चालू द्यावी. दोन पाळ्या मिळाल्या तर उन्हाळी गवार आणि चवळी अजून हाताला लागेल, जमीन राहील. पाळक ठरावाच्या बाजूचे आहेत. बरेच जण मधे आहेत. ते माझ्याकडे बघतील.

ठरवलं आहे. उभा राहून सांगणार, की तो चमत्कार नव्हता. माझी बायको घागरीनं पाणी घालत होती आणि मी तिच्या तोंडची भाजी गावोगाव वाटत होतो. मळ्याला पाणी द्या, कोणत्याही वारी द्या. चार ओळी लिहून दोनदा वाचल्या. उद्या कागद न बघता म्हणता येतील.

५ फेब्रुवारी, शनिवार

सभा झाली.

दीना येऊ नकोस म्हटलं तरी आली. झुंबरबाई आधी बोलल्या. "माझा वाफा मेला. समद्यांचे मेले. देव काय मुळ्यावर रुसतोय व्हय?" काही जण हसले. माना हलू लागल्या. नूरुद्दीनभाई म्हणाले, बैल तयार आहेत, उद्यापासून जुंपतो, पुंजारामशी मी बोलतो, रविवारच्या पाण्यावर अजून त्याची वहिवाट पडली नाही.

मग पाळक म्हणाले, "मास्तरांचं ऐकू. त्यांच्या वाफ्यानं आपल्या सगळ्यांचा विश्वास वाढवला. आता त्यांच्यावर दुःख आलं आहे, तरी ते डगमगले नाहीत."

मी उभा राहिलो. समोर सगळे, तिसेक माणसं. सुरुवात पाठ होती. तेवढ्यात मागे कोणीतरी हळूच म्हणालं, "कुठंतरी दिवस मोडला असंल, उगं पोर जात न्हाई." त्या माणसाला काही ठाऊक नव्हतं, तो आपला सहज बोलला. पण माझ्या मनात आलं, की मी आता बोललो तर हे सगळे दीनाकडे बघतील. विहिरीवर रविवारी राबली म्हणून मूल गेलं असं म्हणतील, आणि मरेपर्यंत म्हणत राहतील.

तिच्यासाठी गप्प राहिलो असं इथे लिहिता आलं असतं. पण त्याच वेळी दुसरंही मनात होतं. सणाच्या दिवशी डोळे पुसणाऱ्या बायका त्याच होत्या, आणि मला त्यांच्यासमोर खोटा ठरायचं नव्हतं. दोन्हींतलं जास्त कोणतं होतं ते मला माहीत आहे.

मी जुनीच साक्ष दिली. शेवटचा वाफा, एकच पाळी, तरी हिरवा. आवाज कापला, तो त्यांना दुःखानं कापला असं वाटलं. 'आमेन' झालं. नूरुद्दीनभाई उठून बाहेर गेले. झुंबरबाई माझ्याकडे बघत होत्या, काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

रविवारचा ठराव तसाच राहावा असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावेत असं पाळकांनी सांगितलं. मोजणी चिटणिसाची, म्हणजे माझीच. पुरुषांच्या बाजूनं सुरुवात करून बायकांपर्यंत आलो. अठरा झाले. शेवटी भिंतीला टेकून दीना बसली होती. ती माझ्याकडे बघत होती. तिनं हात उचलला, तो खांद्याच्या वर जाईना, म्हणून दुसऱ्या हातानं कोपराला आधार दिला आणि तसाच वर धरून ठेवला, मी मोजेपर्यंत.

तो धरून एकोणीस झाले.